गाडी रात्रीतून मागे का बसते? जुन्या सेल्फ-लेव्हलिंग सस्पेन्शनचा बिघाड शोधताना

सकाळी गाडी काढायला गेलात आणि मागची चाकं मडगार्डच्या आत शिरलेली दिसली. इंजिन सुरू केलं की डिकीच्या खालून घुर्र असा आवाज येतो, थोड्या वेळात मागची बाजू उचलली जाते आणि दिवसभर काहीच जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशी गाडी गॅरेजला नेली की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं: ‘कंप्रेसर गेला’ किंवा ‘दोन्ही बलून (स्प्रिंगच्या जागी असलेल्या हवेच्या रबरी पिशव्या) बदलावे लागतील’. दोन्ही उत्तरं खरी असू शकतात. पण गाडी किती बसते, किती वेळात बसते आणि कोणत्या बाजूने बसते हे मोजायच्या आधी दिलेलं उत्तर हा अंदाज असतो, आणि या सिस्टिमचे पार्ट इतके महाग आहेत की अंदाजावर पैसे घालणं परवडत नाही.

नागपुरात आता पहिल्या मालकाने विकलेल्या अशा गाड्या बऱ्याच दिसतात. २००९ च्या पिढीची लांब बीएमडब्ल्यू ७ सिरीज किंवा ५ सिरीज ग्रॅन टुरिझ्मो, जुन्या रेंज रोव्हर, एखादी हौसेने जपलेली मर्सिडीज इस्टेट. खरेदी स्वस्तात होते, पहिल्या दोन उन्हाळ्यांत सस्पेन्शन तोंड वर काढतं. म्हणून ही तपासणी मालकाला स्वतःला कळलेली बरी. त्यातली निम्मी तर मेजरिंग टेप आणि साबणाच्या पाण्यावर होते.

आधी ही व्यवस्था करते काय

साध्या स्प्रिंगवर वजन टाकलं की ती दबते. डिकीत संत्र्याच्या चार पेट्या आणि मागच्या सीटवर तीन माणसं बसली की मागची बाजू खाली जाते आणि नाक वर होतं. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं, आणि मागच्या शॉकअपला खाली जायला जागाच उरत नाही, त्यामुळे खड्डा आला की थेट ठोका बसतो. सेल्फ-लेव्हलिंग म्हणजे हे वजन ओळखून मागची उंची पुन्हा होती तिथे आणणारी व्यवस्था. मागच्या ॲक्सलला तेल आणि वायूच्या जोरावर अशी उंची राखणारी गाडी सिट्रोएनने १९५४ मध्येच आणली होती.

जुन्या गाड्यांत हिचे तीन प्रकार भेटतात. हवेच्या प्रकारात स्प्रिंगच्या जागी रबरी बलून, त्यात हवा भरणारा विजेवरचा कंप्रेसर, आणि उंची मोजणारा सेन्सर असतो. तेलाच्या प्रकारात इंजिनवर चालणारा पंप, बॉनेटखाली वेगळी तेलाची टाकी, मागे उंची ओळखणारा यांत्रिक व्हॉल्व्ह आणि नायट्रोजन भरलेले दोन गोळे असतात. तिसरा प्रकार दिसायला नुसता जाड शॉकअप. रस्त्याच्या हादऱ्यांवर तो स्वतःच आतल्या आत पंप मारून घेतो. त्याला निव्होमॅट म्हणतात.

आपल्या गाडीत कोणता आहे हे ओळखणं सोपं आहे. बॉनेटखाली ब्रेक ऑइल आणि पॉवर स्टिअरिंगच्या टाक्यांशिवाय आणखी एक तेलाची टाकी असेल तर तेलाचा. मागचं चाक पूर्ण वळवता येत नसलं तरी टॉर्च मारून आत पाहिलं आणि पोलादी स्प्रिंगच्या जागी काळा रबरी गोल दिसला तर हवेचा. यातलं काहीच नाही, स्प्रिंग आहे आणि शॉकअप नेहमीपेक्षा जाड, तर निव्होमॅट. आणि शॉकअपही साधाच असेल, तर तुमची गाडी बसतेय ती निव्वळ स्प्रिंग तुटल्यामुळे किंवा थकल्यामुळे. पुढचं सगळं वाचायची गरजच नाही.

टेप, पेन आणि एक रात्र

मोजायच्या आधी डिकी रिकामी करा. स्टेपनी आणि टूल किट राहू द्या, बाकी सगळं काढा. नंतर बसवलेला मोठा सबवूफर किंवा सीएनजी सिलिंडर असेल तर तो लक्षात ठेवा. ६० लिटरचा पोलादी सिलिंडर एकटाच पन्नास-साठ किलो भरतो, म्हणजे एक माणूस कायमचा डिकीत बसलेला. चारही टायरमध्ये हवा सांगितल्याइतकी भरा.

जागा सपाट हवी. नागपूरचे नवे सिमेंट रोड कडेला उतरते असतात, तिथे उभी केलेली गाडी एका बाजूला झुकतेच. अपार्टमेंटचं बेसमेंट किंवा पेट्रोल पंपाची फरशी बरी. गाडी पुढे-मागे हलवून, ब्रेक न दाबता थांबवा, म्हणजे सस्पेन्शन मोकळं बसतं.

माप चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचं, जमिनीपासून नाही. जमिनीपासून मोजलं की टायरची झीज आणि हवा दोन्ही मापात मिसळतात. मडगार्डवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रेघ मारा, म्हणजे दर वेळी तीच जागा मिळेल. इंजिन बंद केल्यावर लगेच, तासाभराने, चार तासांनी आणि सकाळी, दोन्ही बाजूंची मापं मिलिमीटरमध्ये वहीत लिहा. सोबत तेव्हाचं तापमानही.

तापमान का, हे नागपूरकरांना नीट समजून घ्यायला हवं. बलूनमधली हवा थंड झाली की आकसते. मे महिन्यात दुपारी ४२ अंशांत गाडी उभी केली आणि पहाटे २७ अंश झाले, तर गळती शून्य असली तरी हवेचं आकारमान सुमारे ५ टक्क्यांनी घटतं. वर गाडीचं वजन तेवढंच आहे, त्यामुळे दाब तेवढाच राहतो आणि बलून बुटका होतो. काही मिलिमीटरची घट म्हणजे बिघाड नव्हे, ते भौतिकशास्त्र आहे.

समजा, रात्री दहाला डावी बाजू ३९५ आणि उजवी ३९८ भरली. सकाळी सहाला डावी ३४० आणि उजवी ३८८. उजवीकडची १० मिलिमीटरची घट थंडीची आणि थोडी डावीने ओढल्याची, कारण मागच्या दोन्ही बाजू अँटी-रोल बारने एकमेकींना जोडलेल्या असतात. डावीकडची ५५ मिलिमीटर ही खरी गळती. एवढं कळलं की अर्धे पार्ट संशयातून सुटले: कंप्रेसर, रिले (कंप्रेसरला वीज जोडणारा स्विच), वायरिंग यातलं काहीही एका बाजूला बसवत नाही.

इथे एक सापळा आहे. काही गाड्यांचा कंट्रोल युनिट गाडी लॉक केल्यावरही अधूनमधून जागा होतो आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्याशी जुळवायला बाकीच्या बाजूंची हवा सोडतो. १९९४ नंतरची रेंज रोव्हर हे याचं ठळक उदाहरण. त्यामुळे ‘चारही बाजू सारख्याच बसल्या, म्हणजे सगळंच गेलं’ असं वाटतं, आणि प्रत्यक्षात एकाच बलूनला बारीक भोक असतं. म्हणून मोजणीच्या रात्री गाडी बंद केल्यावर सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा. मग जी बाजू गळते तीच बसते, बाकीच्या जागच्या जागी राहतात.

मापावरून काय वाचायचं

एकच बाजू रात्रीतून बसते: त्या बाजूचा बलून, त्याचं वरचं जोड, पाइप, किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधला (दोन्ही बाजूंना हवा वाटून देणाऱ्या भागातला) त्या बाजूचा व्हॉल्व्ह.

फ्यूज काढूनही दोन्ही बाजू सारख्या बसतात: दोन्ही बलून एकाच वयाचे म्हणून एकाच वेळी थकलेले असू शकतात, किंवा दोन्हींना सामाईक असलेला हवा सोडणारा व्हॉल्व्ह गळतोय.

अर्ध्या तासात बसते: गळती मोठी आहे, कानाने ऐकू येईल. रात्री शांततेत चाकाजवळ कान लावा, ‘स्सस्’ असा आवाज येतो.

अजिबात बसत नाही, पण डिकीत वजन टाकल्यावर उठतही नाही: गळती नाही. कंप्रेसर, रिले, फ्यूज, सेन्सर किंवा बॅटरी. यात बॅटरी सगळ्यात आधी पाहा. व्होल्टेज कमी असलं की बऱ्याच गाड्यांचे कंट्रोल युनिट कंप्रेसर चालूच करत नाहीत. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५.

मागची बाजू गरजेपेक्षा वर चढून बसते: सेन्सरची लिंक तुटली आहे किंवा सेन्सर खोटं बोलतोय.

उंची बरोबर आहे, पण गाडी दगडासारखी टणक झाली आहे: हवेच्या प्रकारात हे क्वचित, तेलाच्या प्रकारात जवळजवळ नेहमी नायट्रोजनचे गोळे.

हवेचा प्रकार: गळती कुठे असते

साबणाच्या पाण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते, पण ती बहुतेक चुकीच्या स्थितीत केली जाते. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी उचलली की चाकं खाली लोंबतात, बलून ताणला जातो आणि त्याची घडी उघडते. जी भेग गाडी जमिनीवर असताना घडीत उघडते, ती लिफ्टवर मिटून जाते. मिस्त्री प्रामाणिकपणे सांगतो, ‘लीक नाही’, आणि गाडी सकाळी पुन्हा बसते. तपासणी चाकांवर वजन असताना झाली पाहिजे: गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर, किंवा चाकांना खालून आधार देणाऱ्या चार खांबांच्या लिफ्टवर.

आणि एक नियम कधीच मोडायचा नाही. फक्त हवेच्या जोरावर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. बलून किंवा पाइप सुटला तर गाडी क्षणात खाली येते. बॉडीखाली जॅक स्टँड लावल्याशिवाय एकही जोड सैल करू नका, आणि स्टँड लावायच्या आधी सिस्टिम बंद करा, नाहीतर गाडी उंच झाली असं समजून ती हवा सोडत बसते.

भांडी घासायचं लिक्विड थोडं, पाणी दहापट, स्प्रे बाटलीत. आधी बलूनच्या वरच्या पाइपच्या जोडावर, मग बलून ज्या कड्याने आवळलेला असतो त्या कड्यांवर, आणि शेवटी खालच्या घडीवर, जिथे रबर खालच्या प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर गुंडाळत जातं. घडीत फवारा मारून दोन-तीन मिनिटं थांबा. मोठ्या गळतीला मोठे फुगे येतात. रात्रभरात बसवणारी गळती मात्र बारीक पांढरा फेस काढते, दह्यावर येतो तसा, आणि तो हळूहळू वाढतो. घाईत नजर टाकली तर तो दिसतच नाही. एकदा नेहमीच्या उंचीला आणि एकदा डिकीत दोन माणसं बसवून पाहा, कारण घडीची जागा बदलते.

घडी खराब होण्याचं कारण आपल्या गावात उघड आहे. रबर उष्णतेने कडक होतं, आणि पिस्टन व रबर यांच्यामध्ये अडकलेली बारीक धूळ दर हादऱ्याला पॉलिश पेपरसारखी घासते. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला रोज जाणाऱ्या गाड्यांत ही करडी धूळ घडीत बसलेली सापडते. दर सर्व्हिसिंगला गाडी वर उचलून घडी साध्या पाण्याने, कमी प्रेशरने धुऊन घ्या. आणि सर्व्हिस स्टेशनवाल्याला स्पष्ट सांगा की खालून डिझेल किंवा ऑइलचा स्प्रे मारायचा नाही. गंज टाळायला मारलेलं तेच तेल रबर फुगवतं आणि मऊ करतं. चांगला बलून वर्षभरात यानेच वाया जातो.

घडीवर भेगांचं जाळं दिसतंय, पण फेस नाही? मग आज गळत नसला तरी तो बलून फार दिवसांचा नाही. दुसरा बदलत असाल तर हाही सोबत बदला. फक्त वरची पावडरसारखी पांढुरकी झाक दिसत असेल तर ती नुसती रबराची जुनी कातडी असू शकते. घडीत नख फिरवून भेग लागते का ते पाहा.

बलूनवर काहीच सापडलं नाही तर व्हॉल्व्ह ब्लॉककडे वळा. इथे एक साधी युक्ती कामाची आहे. गाडी स्टँडवर घेऊन, हवा सावकाश सोडून, डोळ्यांवर चष्मा लावून, ब्लॉकवरचे डाव्या-उजव्या बाजूचे पाइप एकमेकांच्या जागी लावा. पुन्हा हवा भरा, फ्यूज काढा, रात्रभर मोजा. आता गळती दुसऱ्या बाजूला गेली तर दोष ब्लॉकमध्ये. आहे त्याच बाजूला राहिली तर बलून किंवा पाइपमध्ये. एक रात्र लागते आणि एक बलून वाचतो. मात्र अशी उलटी जोडणी करून गाडी रस्त्यावर चालवू नका, सिस्टिम एका बाजूला भरायची हवा दुसरीकडे भरेल.

हवा सोडणारा व्हॉल्व्ह गळतोय का हे पाहायला एक पारदर्शक नळी त्याच्या बाहेरच्या तोंडाला बसवा आणि दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. गाडी बंद असताना बुडबुडे येत असतील तर तो नीट मिटत नाही. याचं मूळ बहुतेक वेळा ड्रायरमध्ये असतं. कंप्रेसरला जोडलेल्या डबीत सिलिका जेलचे दाणे असतात, ते हवेतली ओल शोषतात. पावसाळ्यात सतत चालणाऱ्या कंप्रेसरचे दाणे भिजतात, फुटतात, आणि त्यांची पांढरी भुकटी पुढे जाऊन व्हॉल्व्हच्या सीटवर बसते. पाइप काढल्यावर आत अशी भुकटी दिसली तर नुसता ब्लॉक बदलून उपयोग नाही; ड्रायर बदला आणि पाइप हवेने फुंकून साफ करा, नाहीतर नव्या ब्लॉकमध्येही तीच भुकटी जाईल.

कंप्रेसर सहसा बळी असतो

कंप्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. गळती असली की तो दर काही मिनिटांनी चालतो, तापतो, त्याच्या पिस्टनची रिंग झिजते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर थंड व्हायला त्याला उसंतच मिळत नाही. तापला की आतलं संरक्षण त्याला बंद करतं. म्हणून काही गाड्या सकाळी नीट उठतात आणि दुपारी उठतच नाहीत. स्कॅनरवर ‘कंप्रेसर जास्त वेळ चालला’ अशा अर्थाचा कोड येतो. हा कोड परिणाम सांगतो, कारण नाही. गळती तशीच ठेवून नवा कंप्रेसर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

कंप्रेसर चालतच नसेल तर फ्यूज पाहा, बहुतेक ३० किंवा ४० अँपिअरचा असतो. मग रिले. गाडीला उठायचं असताना कंप्रेसरच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्ट येतात आणि तरी मोटर गप्प आहे, तर मोटर गेली. व्होल्ट येत नाहीत, तर रिले किंवा त्याच्या आधीची बाजू. मोटर फिरते पण व्होल्टेज ११ च्या खाली पडतं, तर वायर किंवा अर्थचा जोड गंजला आहे, आणि मोटर दुबळी वाटतेय ती त्यामुळे. मोटर जोरात फिरते पण गाडी उठायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागतो, तर रिंग झिजली आहे; मात्र आधी हवा आत घेणारा फिल्टर काढून पाहा, धुळीने तो पूर्ण बंद झालेला सापडतो.

नवा कंप्रेसर घेताना रिलेही नवा घ्याच. जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले की कंप्रेसर थांबतच नाही आणि जळून जातो. एका स्वस्त रिलेपायी महागडा कंप्रेसर घालवण्यात शहाणपण नाही.

सेन्सर: छोटी काडी, मोठा गोंधळ

उंचीचा सेन्सर ॲक्सलच्या हाताला एका बारीक लिंकने जोडलेला असतो. लिंकच्या टोकाची प्लास्टिकची वाटी निसटली किंवा सेन्सरचा हात गंजून अडकला, की गाडी खरी कुठे आहे हे युनिटला कळतच नाही. हाताने लिंक हलवून पाहा. बऱ्याच सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या मध्ये फिरतो. लिंक काढून हात हळू फिरवताना मल्टिमीटरवरचा आकडा गुळगुळीत चढला-उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा शून्य झाला, तर सेन्सर बदला. झेनॉन हेडलाइटच्या काही गाड्यांत हेडलाइटसाठी मागे वेगळा सेन्सर असतो, तो आणि हा यांत गल्लत करू नका.

सेन्सर किंवा त्याची लिंक बदलली की उंचीचं कॅलिब्रेशन करावं लागतं. साधा इंजिनचे कोड वाचणारा स्कॅनर सस्पेन्शनच्या युनिटशी बोलत नाही. त्या कंपनीच्या गाड्यांचा स्कॅनर असलेल्या ठिकाणीच जा.

तेलाचा प्रकार

मर्सिडीजच्या १२३ आणि १२४ मालिकेच्या इस्टेटमध्ये आणि बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या गाड्यांत हा असतो. मर्सिडीजमध्ये पोलादी स्प्रिंगही असतातच. त्या थोडं वजन घेतात, उरलेलं तेलाचे स्ट्रट (शॉकअपच्या जागी बसवलेले तेलाचे दांडे). त्यामुळे सगळं तेल गेलं तरी गाडी पूर्ण जमिनीला टेकत नाही, आणि मालकाला वर्षानुवर्षं कळतही नाही. एक बाजू खाली दिसत असेल तर आधी स्प्रिंगचा तळ टॉर्चने पाहा. टोक तुटून खालच्या वाटीत पडलेलं असेल तर तेलाशी त्याचा संबंध नाही.

मग टाकी. गाडी रिकामी आणि योग्य उंचीवर असताना पातळी पाहायची, कारण वजन टाकलं की टाकीतलं तेल मागे स्ट्रटमध्ये जातं. तेल कोणतं, हे झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं; मर्सिडीजच्या या सिस्टिमला त्यांच्या ३४३.० या यादीतलं तेल लागतं. लाल गिअर ऑइल किंवा ब्रेक ऑइल टाकू नका. ब्रेक ऑइलने तर सगळी सील फुगून खराब होतात आणि दुरुस्ती एका पार्टची न राहता पूर्ण सिस्टिमची होते.

तेल कमी होतंय पण खाली थेंब नाही? पंप सिलिंडर हेडवर बसवलेला असेल, तर त्याचं सील गेल्यावर तेल इंजिनमध्ये उतरतं. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढतेय का, ते पाहा.

इंजिन चालू ठेवून टाकीचं झाकण उघडा. गाडी आपल्या उंचीवर स्थिर असताना पंपाचं तेल फिरून टाकीत परत येताना दिसलं पाहिजे. काहीच हालचाल नाही तर पंप किंवा त्याच्याकडे जाणारा पाइप. तेल फेसाळ असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय, किंवा गोळ्यातला पडदा फाटून नायट्रोजन तेलात मिसळतोय.

पुढची चाचणी मागच्या व्हॉल्व्हची. अँटी-रोल बारवरून येणारी एक छोटी लिंक या व्हॉल्व्हचा दांडा हलवते. मागची बाजू बसली की दांडा एका बाजूला सरकतो आणि तेल स्ट्रटमध्ये जातं. गाडी खड्ड्यावर, इंजिन चालू, लिंक सोडवा आणि दांडा हाताने एका दिशेला सरकवून धरा. गाडी उठली पाहिजे. उलट दिशेला धरा, उतरली पाहिजे. हात आत आणि डोकं बाहेर, हे मात्र पाळा. हाताने गाडी उठते पण वजन टाकल्यावर स्वतः उठत नाही, तर पंप, गोळे, स्ट्रट सगळे ठीक. लिंक वाकली, निसटली किंवा तिची लांबी बदलली आहे. एवढ्याशा लिंकसाठी पंप बदलला जातो, हे फार वाईट वाटतं. हातानेही उठत नाही, आणि टाकीत परत येणारं तेल मात्र जोरात आहे, तर व्हॉल्व्ह आतून गळतोय.

गोळ्यांची परीक्षा सोपी. इंजिन चालू, गाडी उंचीवर, डिकीच्या कडेवर पूर्ण वजन देऊन दाबा. चांगले गोळे असतील तर मागची बाजू दबते आणि सावकाश वर येते. नायट्रोजन निघून गेला असेल तर गाडी हलतच नाही, कारण तेल दबत नाही आणि दबणारा वायू आता आत नाही. रस्त्यावर हे सिमेंट रोड आणि पेव्हर ब्लॉकच्या सांध्यावर सगळ्यात आधी जाणवतं. मागची बाजू उड्या मारते. शॉकअप गेले असं समजून लोक स्ट्रट बदलतात. गोळे दोन्ही एकदम बदला, नवं सील घाला, आणि जोड सोडायच्या आधी व्हॉल्व्हवरच्या ब्लीड स्क्रूला नळी लावून दाब पूर्ण उतरवा. सिस्टिम बंद असतानाही तेल भयंकर दाबाखाली असतं, बारीक फवारा कातडीतून आत शिरू शकतो.

स्ट्रटवर तेलाची पातळ ओल चालते. धूळ चिकटून चिखल झाला असेल किंवा थेंब पडत असेल, तर तो गेला.

निव्होमॅट

याची चाचणी उभ्या गाडीवर होत नाही. डिकीत वजन टाका, माप घ्या, मग दोन-तीन किलोमीटर साध्या रस्त्यावर चालवून आणा आणि पुन्हा मोजा. रस्त्याच्या हादऱ्यांवर पंप मारून गाडी वर आलेली दिसली पाहिजे. आली नाही किंवा शॉकअपवर तेल आहे, तर जोडीने बदला. त्याच्या जागी साधा शॉकअप बसवून चालत नाही. निव्होमॅटच्या गाडीची स्प्रिंग मुळातच मऊ असते. साधा शॉकअप लावायचा तर स्प्रिंगही बदलावी लागते.

बलून बसवताना

नवा बलून रिकामा असताना त्यावर गाडीचं वजन कधीही सोडू नका. रिकाम्या बलूनची घडी वाकडी पडते, आणि ती पहिल्याच दिवशी कापली जाते. गाडी स्टँडवर ठेवूनच स्कॅनरने किंवा कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने थोडी हवा भरा, घडी सगळीकडून सारखी गोल बसली का हे हात फिरवून पाहा, आणि मगच सावकाश खाली घ्या. पाइपचं टोक जोडात घालण्याआधी धारदार ब्लेडने काटकोनात कापा. पक्कडीने चेपून कापलेलं टोक ओ-रिंगला ओरखडा पाडतं आणि नव्या बलूनवर जुनीच गळती राहते.

सगळं झालं की मास्किंग टेपची ती रेघ पुसू नका. त्याच जागी, त्याच वेळी, फ्यूज काढून पुन्हा एक रात्र मोजा. दोन्ही बाजूंची घट सारखी आणि काही मिलिमीटरच्या आत असेल तर फ्यूज परत लावा, आणि आठवडाभराने, गाडी लोड करून आणल्यावर, एकदा आणखी मोजा.